दोन ठिपक्यांचा चिंचोका

मिरची वाळायला पडली की माझा पहिला संशय माझ्याच नाकावर जातो. सर्दी आहे की हंगाम, हे कळायला दोन दिवस लागतात. तिसऱ्या दिवशी म्हसावदच्या रस्त्याला स्कूटर वळते आणि डाव्या हाताला पथारी दिसते. पथारी म्हणजे मिरची वाळवायचं मोकळं रान. चार दिवसांपूर्वी तिथे नुसती माती होती, आता डोळे दिपतील असा लालभडक पसारा असतो. बायका ओळीने बसून देठ खुडत असतात, तोंडाला पदर बांधलेला, आणि तरी मधूनच एकीला ठसका लागला की ओळीतल्या सगळ्यांना लागतो. शाळेत पोहोचेपर्यंत माझे डोळे चुरचुरायला लागतात. वर्गात शिरताना मी रडून आले आहे असं मुलांना वाटतं, आणि एखादं मूल उठून माझ्या गालावर हात फिरवून जातं.

यंदाही पथारी लाल झाली आहे. यंदाही कुठल्या तरी निवडणुकीची कुजबुज सुरू आहे. दोन्ही एकत्र आलं की मला तो मागचा हिवाळा आठवतो, आणि आठवला की हात नकळत मागे जातात. ते का जातात हे सांगण्यासाठीच हे लिहिते आहे.

आधी माझ्याबद्दल थोडं. मी बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांच्या शाळेत शिकवते. शाळेचं नाव सांगत नाही, गावाचंही नाही, संशयी माणसाची सवय म्हणून सोडून द्या. संशय माझ्या रक्तातच आहे. नवरा म्हणतो, "तू त ताटमधली भाकरलेबी इचारशी, तुले कोनी भाजं?" मी विचारतेच. दूधवाल्याचं माप, डॉक्टरची गोळी, पाहुण्याचं गोड बोलणं, सगळं मी दोनदा बघते. हा गुण मला वडिलांकडून आला. आमची मिरची बाजारात जायची तेव्हा वडील प्रत्येक गोणीच्या तोंडाला सगळे मारतात तशी उजवी गाठ न मारता डावी मारायचे. गोण्यांच्या ढिगात कुणी अदलाबदल केली तर त्यांना लांबूनच कळायचं. मी लहान होते, गोणीवर बसून बघायचे. ते सुतळी ओढता ओढता म्हणायचे, "इस्वास ठेवाना, पन निशानी करी ठेवानी." त्यांची एकही गोणी कधी बदलली गेली नाही. पण ते एकाही व्यापाऱ्याशी कधी मोकळेपणी हसल्याचंही मला आठवत नाही.

शाळेत माझ्याकडे मूल्यशिक्षण आहे. ऐकायला भारदस्त वाटतं. प्रत्यक्षात ते असं असतं की फरशीवर पिवळ्या रंगाने पावलं काढायची आणि त्यांवर एकेकाला उभं करायचं. म्हणजे रांग. चेंडू फिरवायचा आणि हातात येईपर्यंत थांबायचं. म्हणजे पाळी. भिंतीवर दोन चित्रं आहेत, एकात फुटलेला पेला लपवणारी मुलगी, दुसऱ्यात तो पेला बाईंना दाखवणारी मुलगी. पहिल्या चित्रावर मोठी लाल फुली आहे आणि खाली लिहिलं आहे 'खोटं'. एक मूल्य बसायला सहा-सहा महिने जातात. पण बसलं की असं बसतं, की तुमच्याआमच्यासारखं ते सोयीने उठत नाही.

आणि माझा खरा संशय इथेच आहे, गेली कित्येक वर्षं. आम्ही या मुलांना शहाणं करतो आहोत, की फसवायला सोपं?

हेतलचंच बघा. हेतलला डाउन सिंड्रोम आहे. चेहरा गोल, बोलणं तुटक, पण बोटं अशी तरबेज, की देठ खुडायला आणि पांढरी पडलेली मिरची वेगळी काढायला तिच्या तोडीचं आमच्या व्यवसाय-वर्गात कुणी नव्हतं. डोळ्यांआधी तिच्या बोटांना फरक कळायचा. वडील लहानपणीच गेले. आई आणि काका, असं घर. काकांना सगळं गाव नाना म्हणतं. तर या हेतलला रांग शिकवायला मी वर्ष घालवलं. एकदा आईने तिला पिठाच्या गिरणीवर दळण घेऊन पाठवलं. ती रांगेत उभी राहिली. मागून आलेली बाई पुढे गेली, तिच्यामागची तिच्या पुढे गेली, पोरं गेली, म्हातारे गेले. हेतल आपल्या न दिसणाऱ्या पिवळ्या पावलांवर उभीच. संध्याकाळी गिरणी बंद झाली आणि ती गव्हाचा डबा तसाच घेऊन घरी आली. दुसऱ्या दिवशी तिची आई मला म्हणाली, "मॅडम, तिले जरासं घुसानंबी शिकाडा ना." मी हसले खरी, पण रात्री जेवण गेलं नाही.

त्या हिवाळ्यात मिरचीचा हंगाम ऐन भरात होता आणि आमच्या गावात ग्रामपंचायतीची निवडणूक लागली. दोन पॅनल, आणि आमच्या वॉर्डात दोन्हींचं बळ सारखं. एरवी ज्यांच्या तोंडावरची माशी हलत नाही तीही माणसं 'काय काकू, बरं आहे ना' म्हणायला लागली. मी प्रत्येक नमस्काराकडे बारीक डोळ्यांनी बघत होते.

अशात नाना शाळेत आले. नाना एका पॅनलचे मोठे कार्यकर्ते. हेतलला ते कधी लग्नकार्याला नेत नाहीत, पाहुणे आले की ती आतल्या खोलीत असते, हे मला माहीत होतं. नाना खुर्चीच्या टोकावर बसले आणि म्हणाले, "मॅडम, पोर अठरानी व्हई गयी. नाव लायी दिधं यादीमा. तिले जरा मतदान शिकाडी द्या."

"शिकवते की," मी म्हणाले. "पण मत तिचं ती देईल ना?"

"तिले काय समजस? मी सोबत जासू ना." नाना हसले. "घरनं मत घरमाच ऱ्हावाले पाहिजे."

कुठे पाणी मुरतंय ते मला तिथेच कळलं. लग्नाच्या पंगतीत जिला जागा नाही तिला यादीत जागा मिळाली होती, ती नानांच्या बोटाला अजून एक बटण मिळावं म्हणून. हेतलचं मत हेतलचंच राहायला हवं, असं मी त्या दिवशी ठरवलं. तिच्या आयुष्यात पहिल्यांदाच सरकारने दिलेली एक गोष्ट होती जी ना आईची होती, ना काकांची, ना माझी.

मग आमचा मतदानाचा पाठ सुरू झाला. सहा मुलं, दोन पत्र्याचे डबे. एका डब्यावर खिचडीचं चित्र, दुसऱ्यावर शिऱ्याचं. शनिवारी काय करायचं ते मुलांनी ठरवायचं. डब्यांपुढे माझी जुनी साडी पडद्यासारखी बांधली. प्रत्येकाला एक चिंचोका. पडद्याआड जायचं, हव्या त्या डब्यात टाकायचा, बाहेर यायचं, कुणाला सांगायचं नाही.

'कुणाला सांगायचं नाही' हे शिकवताना माझे हाल झाले. आमची मुलं काहीच लपवत नाहीत. पडद्याआडून बाहेर आली की ओरडायची, "शिरा!" मग मी न्हाणीघराचं उदाहरण घेतलं. आत गेलं की दार लावतो ना? आतलं कुणाला दिसतं का? बाहेर येऊन आपण सांगतो का? तसं. आईला नाही, काकांना नाही, बाईंनाही नाही. हेतलने हे शेवटचं दोनदा विचारून घेतलं. "मॅडमलेबी नही?" मी छातीवर हात ठेवून म्हणाले, "मॅडमलेबी नही."

आणि त्याच रात्री मी घरी बसून सहा चिंचोक्यांच्या पाठीवर लाल नेलपॉलिशचे बारीक ठिपके दिले. एका मुलाला एक, हेतलला दोन, असं सहापर्यंत.

का केलं, याची माझ्याकडे चांगली कारणं होती. संशयी माणसाकडे कारणांचा कधी तुटवडा नसतो. आमच्याकडे प्रत्येक मुलाचा एक तक्ता असतो. 'मतदान समजते का' असा रकाना, आणि त्याच्या शेजारी 'पुरावा'. हेतलला खिचडी आवडत नाही हे मला ठाऊक होतं. तिचा चिंचोका शिऱ्याच्या डब्यात निघाला तर तिला निवड कळते, असं लिहिता आलं असतं. खिचडीच्या डब्यात निघाला तर अजून सराव हवा. हे मी स्वतःला समजावलं. खरं कारण एवढंच, की ती मला सांगणार नाही हे मला सहन होत नव्हतं. गडद तपकिरी सालीवर ते ठिपके मलाही चष्मा लावूनच दिसत होते.

मतदान छान झालं. कुणी ओरडलं नाही. मी डबे सतरंजीवर उपडे केले आणि मोजायच्या निमित्ताने चिंचोके उलटून बघायला लागले. हेतल माझ्या शेजारी येऊन बसली, तिच्या त्या सरावाच्या बैठकीत. मिरच्या निवडायला बसावं तशी ती चिंचोके निवडायला लागली. एक उलटला, दुसरा उलटला. पहिल्यावर एक ठिपका, पुढच्यावर चार. सहाही तिने ओळीने मांडले. मग दोन ठिपक्यांचा उचलला. तो तिला देताना तिने मुठीत घट्ट धरला होता, बोटांना आठवत असणार.

"हाई मन्हं," ती म्हणाली.

ती माझ्याकडे बघत राहिली. मग सावकाश म्हणाली, "तुम्हले समजी जास."

"अगं, ते तपासायला असतं," मी म्हणाले. "तक्त्यासाठी."

हेतल उठली, भिंतीपाशी गेली आणि लाल फुलीच्या चित्रावर बोट ठेवून उभी राहिली. पेला लपवणाऱ्या मुलीवर. वर्गातल्या पाच मुलांना काय चाललंय ते कळलं नाही, मदतनीस बाईंना कळलं आणि त्यांनी झाडू हातात घेतला. मला माझ्याच वर्गात उभं राहायला जागा पुरेना. मी टाळी वाजवून म्हणाले, "चला, जेवणाची वेळ झाली." एवढंच म्हणाले. चुकलं, असं म्हणाले नाही. सहा महिने खपून जे शिकवलं ते मी एका टाळीत बाजूला सारलं. हेतलने तो चिंचोका खिशात टाकला आणि परत दिला नाही.

मला वाटलं, विसरली असेल.

मतदानाच्या दिवशी सकाळी साडेसातच्या ठोक्याला मी मत देऊन आले आणि घरी न जाता केंद्राच्या व्हरांड्यात रेंगाळत राहिले. कारण उघड होतं. मला नानांवर नजर ठेवायची होती. वाऱ्यावर मिरचीचा खकाणा येत होता, रांगेतल्या बायका खोकत होत्या. साडेनऊला नाना आले. हेतलला नवा पंजाबी ड्रेस, केसांना तेल, दंडाला नानांची पकड. मी मनात म्हटलं, आलात का.

त्या दोघांना आत घेतलं तेव्हा मी दारापाशी सरकले. हेतलने स्वतःचं नाव सांगितलं. वहीत सही केली, तिची ती पाच मिनिटांची सही. सगळे थांबले. मग शाईच्या बाटलीवाल्या कर्मचाऱ्याने तिचा डावा हात मागितला, आणि हेतलने दोन्ही हात पाठीमागे नेले.

"हात दे बेटा. शाई लावायची आहे."

"नही."

"दुखत नाही गं. एक रेघ फक्त."

"निशानी नही," हेतल म्हणाली. मान खाली, हात मागे, पाय जमिनीत रोवलेले. "निशानी नही. समजी जास."

कर्मचाऱ्याला काही उमगलं नाही. केंद्राध्यक्ष उठून आले. शाईशिवाय मत देता येत नाही, नियम आहे, असं त्यांनी शांतपणे सांगितलं. मागची रांग चुळबुळायला लागली. नानांना तेवढंच हवं होतं. "साहेब, तिले भ्याव वाटस. मन्हा बोटले लाई द्या आखो एक डाव. मी दाबी देसू."

"तसं चालत नाही," केंद्राध्यक्ष म्हणाले. "तिला द्यायचं नसेल तर घेऊन जा."

खोलीत सगळे नानांकडे बघत होते. मी इतके दिवस ज्यांच्यावर डोळा ठेवून होते तेच नाना. आणि हेतलचं मत जात होतं ते त्यांच्यामुळे नाही, माझ्यामुळे. तिला कुणीतरी शिकवलं होतं की खूण केली की कळतं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, ते माझ्या मनात भर सकाळी पडलं होतं.

मी दारातून म्हणाले, "साहेब, मी तिची शिक्षिका आहे. दोन शब्द बोलू?"

लगेच दुसऱ्या पॅनलचा प्रतिनिधी उठला. "आते मॅडम शिकाडतीन तिले, कोनले द्यानं ते!" नानाही माझ्याकडे तशाच नजरेने बघत होते. त्या खोलीत त्या क्षणी दोन्ही पॅनलचं एकमत झालं होतं, माझ्यावर विश्वास ठेवू नये यावर. केंद्राध्यक्ष म्हणाले, "तिथूनच बोला. सगळ्यांना ऐकू येईल असं."

सगळ्यांना ऐकू येईल असं. मागे निम्मा वॉर्ड उभा होता, त्यात माझा नवरा, माझी जाऊ, शाळेतल्या मुलांचे दोन पालक. मी शाळेची मराठी सोडली आणि घरच्या अहिराणीवर आले.

"हेतल, चिंचोकास्वर मीच निशानी करेल व्हती. मी तुमले सांगं, कोनले समजाव नही, आनि मीच देखी लिधं. ते खोटं व्हतं. मन्ही चूक व्हयनी."

रांगेत कुणीतरी खुसखुसलं. हेतलने मान वर केली. मी माझा डावा हात पुढे धरला, बोटावरची काळी रेघ तिच्याकडे करून. "ते चिंचोका येगयेगळा व्हतात. अठे तसं नही. अठे सगळासले एकच निशानी. देख."

ती जागची हलली. दारापाशी येऊन तिने माझं बोट धरलं, वळवून खालूनही बघितलं. मग नानांचं. नानांनी सकाळीच मत दिलेलं होतं. मग भिंतीशी बसलेल्या दोन्ही प्रतिनिधींकडे गेली आणि समोर तळहात पसरून उभी राहिली. एकमेकांचं तोंड न बघणाऱ्या त्या दोघांनी मुकाट्याने आपापलं बोट पुढे केलं. चार बोटं, चार रेघा. तिने त्या तशाच निवडल्या, मिरच्या निवडाव्या तशा, आणि तिला एकही वेगळी सापडली नाही.

"सारखं," ती म्हणाली आणि टेबलाशी जाऊन डावा हात ठेवला.

"सोबत कुणी हवंय का?" केंद्राध्यक्षांनी तिलाच विचारलं. नाना अर्धं पाऊल पुढे आले होते.

"नही."

ती पुठ्ठ्याच्या आडोशामागे गेली. किती वेळ लागला ते मला सांगता येणार नाही. मला तो फार वाटला. सरपंचाचं एक बटण, वॉर्डाची दोन. मग मशीनचा लांब आवाज आला आणि माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. ते मिरचीचं होतं असं मी नवऱ्याला सांगितलं. त्याने कधी नव्हे तो माझ्यावर संशय घेतला.

बाहेर कडुलिंबाखाली नानांनी तिला गाठलं. "कोनले दिधं व?"

"नही सांगस."

"अव, मी तुन्हा नाना शे ना!"

हेतलने जरा विचार केला. "नाना शे. तरी नही."

नाना हतबल होऊन माझ्याकडे वळले. "मॅडम, तुम्हले त सांगेल व्हई तिनी." मी नाही म्हटलं. त्यांचा विश्वास बसला नाही, आजही नाही. निकालात त्यांचं पॅनल वॉर्डात हरलं, आणि रस्त्यात भेटले की ते अजून माझ्याकडे तसंच बघतात. मी नजर चुकवत नाही. एका संशयी माणसाने दुसऱ्याला तेवढा मान द्यावा.

पण सगळं खरंच सांगायचं तर, त्या दिवशी मीही तिला विचारलं. नाना केंद्रापाशीच थांबले, तिला घरी सोडायला मी निघाले, आणि पथारीपाशी आम्ही दोघीच होतो. मी आवाज गोड केला. म्हणाले, तक्त्यात लिहायचं आहे गं, हळूच सांग. पाप कबूल करून अर्धा तासही झाला नव्हता. हेतलने न्हाणीघराचं दार लावल्यासारखा हात केला, हवेत, आणि कडी घातली.

तक्त्यात मी लिहिलं, 'मतदान समजते: होय.' पुरावा या रकान्यात लिहिलं, 'विद्यार्थिनीने कुणाला मत दिले ते सांगितले नाही.' तपासणीला आलेल्या साहेबांनी त्याच्यापुढे प्रश्नचिन्ह काढलं. ते मी खोडलेलं नाही.

हे झालं मागच्या हिवाळ्याचं. यंदा हेतल शाळेच्या पटावर नाही, पण व्यवसाय-वर्गात लहान मुलांना देठ खुडायला शिकवायला येते. आई आणून सोडते. गिरणीत तिच्यापुढे अजूनही लोक घुसतात. तिथे मी काही करू शकलेले नाही. कधी वाटतं, तिच्याबरोबर जाऊन एकदा भांडावं. कधी वाटतं, घुसायला शिकवण्यापेक्षा गावाच्या फरशीवरच पिवळी पावलं काढून यावं.

मतदानाचा पाठ चालू आहे. तेच डबे, तीच साडी. या शुक्रवारी मी चिंचोके ताटलीत काढले. कोरे, धुतलेले, एकाही ठिपक्याशिवाय. मुलांना वाटायला हात घातला तर हेतलने ताटली माझ्यापुढून ओढून घेतली. तिच्या बटव्यातून दोन ठिपक्यांचा तो जुना चिंचोका काढला आणि नमुना म्हणून शेजारी ठेवला. मग एकेक चिंचोका उचलून उजेडाकडे धरायचा, उलटायचा, अंगठा फिरवायचा आणि बाजूला ठेवायचा, असं तिने सुरू केलं. मुलं पिवळ्या पावलांवर गुपचूप उभी होती. तिला घाई नव्हती. हे मी तिला शिकवलेलं नाही, माझ्या कुठल्याच तक्त्यात हे मूल्य नाही.

मी दोन्ही हात मागे घेऊन उभी राहिले. तिचं तपासून झालं, तिने माझ्याकडे बघून मान हलवली, आणि मतदान सुरू झालं.